मास्टर्स क्रिटिकल सिस्टिम्सचं: सिद्धतेचं घराणं की सेफ्टी केसचं?

क्रिटिकल सिस्टिम्ससाठीच्या, म्हणजे चुकलं तर जीव जाऊ शकतो अशा यंत्रणांसाठीच्या, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायचं ठरलं की माणूस आधी फी, कालावधी आणि प्रवेशाच्या अटी बघतो. ते बघाच. पण सारख्या नावांच्या या अभ्यासक्रमांत दोन वेगळी घराणी आहेत, आणि पुढची दोन वर्षं कशी जाणार ते यावर ठरतं.

एक घराणं सिद्धतेचं, म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करणाऱ्यांचं. तिथे लॉजिक, मॉडेल चेकिंग (यंत्रणेच्या शक्य त्या सगळ्या अवस्था टूलकडून तपासणं), टीएलए प्लस किंवा इव्हेंट-बी या डिझाइन मांडायच्या भाषा, मग कोड सिद्ध करायला स्पार्क किंवा फ्रामा-सी, आणि हौस असेल तर इसाबेल हे सिद्धता लिहायचं आणि तपासायचं टूल. दुसरं सेफ्टी केसचं, म्हणजे यंत्रणा सुरक्षित का आहे हे पुराव्यांनिशी पटवून देणाऱ्यांचं. तिथे हॅझार्ड अॅनालिसिस (धोके शोधणं), एफएमईए (काय बिघडेल आणि त्याचा परिणाम काय याचा तक्ता), फॉल्ट ट्री (अपघातापासून कारणांकडे जाणारी आकृती), आयईसी ६१५०८, आयएसओ २६२६२ (वाहनं), डीओ-१७८सी (विमानं) ही सुरक्षेची मानकं, आणि हे सगळं बांधून एक युक्तिवाद उभा करायचा. बहुतेक ठिकाणी दोन्हींचं थोडंथोडं असतं, पण सक्तीचे विषय कोणते आणि ऐच्छिक कोणते हे पाहिलं की घराणं कळतं.

मी एक पूर्ण सत्र दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासक्रमात काढलं आणि मग पहिल्या प्रकारच्या अभ्यासक्रमात गेलो. पदवी तिथूनच घेतली. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे पुढे लपणार नाही.

आधी सेफ्टी केसवाल्यांची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. ४ जून १९९६ ला आरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण चाळीस सेकंदांच्या आत संपलं. ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट आकडा १६ बिटी पूर्णांकात बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे आकडा दिलेल्या जागेत मावला नाही, हे आपल्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. पण तो कोड आरियान ४ वरून आणलेला होता आणि तिथे तो चालत होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा खूप जास्त असणार, हे गृहीतक कोणी तरी पुन्हा तपासायला हवं होतं. बोइंग ७३७ मॅक्स विमानाच्या एमकॅस या नाक आपोआप खाली दाबणाऱ्या यंत्रणेचंही तसंच. सॉफ्टवेअरने त्याला सांगितलं तेच केलं. विमानाचं नाक खाली दाबण्याचा निर्णय एकाच सेन्सरवर सोपवला होता, हा दोष डिझाइनचा. चुकीच्या स्पेसिफिकेशनची (सॉफ्टवेअरने काय करायचं याच्या लेखी वर्णनाची) निर्दोष सिद्धता देता येते. एमआयटीच्या नॅन्सी लेव्हसन यांची एसटीपीए ही यंत्रणेच्या नियंत्रणातले धोके शोधायची पद्धत नेमकी इथेच कामाला येते, आणि ती मी त्या पहिल्या सत्रात शिकलो याचं मला आजही समाधान आहे.

नोकरीच्या दृष्टीनेही हे घराणं सोयीचं. रेल्वे, वाहन, वैद्यकीय उपकरणं यांतल्या जाहिरातींत मानकांची नावं असतात, इसाबेल क्वचितच दिसतं.

मग मी का सोडलं? एका तक्त्यामुळे.

औषध देणाऱ्या इन्फ्युजन पंपाचं एफएमईए करायचं होतं. माझ्या तक्त्यात चाळीसेक ओळी होत्या. त्यातली एक अशी: बिघाड – मुख्य प्रोसेसर अडकणे. परिणाम – औषध थांबवण्याची आज्ञा न मिळाल्याने पंप चालूच राहणे. उपाय – अलार्म वाजेल, नर्स पंप बंद करेल. गांभीर्य १०, शक्यता २, आणि अलार्म असल्यामुळे ओळखू येण्याचा आकडा २ (सगळे १ ते १० मध्ये; हा जितका मोठा तितकं बिघाड ओळखणं अवघड). गुणाकार ४०, म्हणजे रांगेत बराच खाली, लक्ष देण्याची गरज नाही. मला उत्तम गुण मिळाले. ‘मांडणी नीटस’ असा शेरा होता.

काही आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या पंपाची आकृती उघडली, तेव्हा दिसलं की अलार्मचा टास्क त्याच प्रोसेसरवर चालतो. प्रोसेसर अडकला की अलार्मही अडकणार. ओळखू येण्याचा आकडा २ ऐवजी ९ हवा होता आणि गुणाकार १८०. ती ओळ पहिल्या पानावर यायला हवी होती. मला दिसलं नाही, गटातल्या तिघांना दिसलं नाही, तपासणाऱ्यालाही नाही. आणि तक्त्याने तर कसलीच कुरकुर केली नाही. रकान्यात काहीही लिहा, तो घेतो.

ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. शिकवणाऱ्यांचा दोष होता असं मी म्हणणार नाही. अनुभवी परीक्षक असता तर त्याने एका नजरेत पकडलं असतं. पण शिकणाऱ्याजवळ तो अनुभव नसतो, आणि आपण चुकतोय हे त्याला रोज कळलं पाहिजे. मी तर दर आठवड्याला चुकत असणार आणि कागद मला शाबासकी देत होता.

सिद्धतेच्या अभ्यासक्रमातला पहिला गृहपाठ स्पार्कमधला होता, योगायोगाने तोही पंपाचाच. दर गुणिले वेळ, इतकं साधं फंक्शन. टूलने सांगितलं, इथे ओव्हरफ्लो होऊ शकतो, आणि सोबत कोणत्या आकड्यांना होतो तेही दाखवलं. मी प्रीकंडिशन, म्हणजे फंक्शन बोलावण्याआधी पाळायची अट, लावली. लगेच त्या फंक्शनला बोलावणाऱ्या तीन जागा लाल झाल्या, कारण आता ती अट पाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर गेली. त्यांतली एक जागा नर्सने भरलेला आकडा न तपासता पुढे ढकलत होती. संध्याकाळभर त्या तीन लाल ओळींमागे होतो, पण गृहीतकं कशी एका हातातून दुसऱ्या हातात निसटतात हे मला त्या संध्याकाळी कळलं. आरियानची गोष्टही मला तेव्हाच खऱ्या अर्थाने समजली.

चाचणीने हे सापडलं असतं का? काही सापडतं, काही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकांमधला काउंटर ओव्हरफ्लो होऊन वीज जाऊ शकते. सेकंदाच्या शंभराव्या भागाने वाढणारा ३२ बिटी चिन्हांकित काउंटर भरायला साधारण इतकेच दिवस लागतात. इतके दिवस कोण चाचणी चालवणार? रेंज चेक, म्हणजे आकडा मर्यादेतच राहतो हे, सिद्ध करायला लावणारं टूल मात्र ती ओळ पहिल्याच फेरीत पुढ्यात ठेवतं.

या घराण्याचे त्रासही सांगायला हवेत. लूप इनव्हेरियंट (लूपच्या प्रत्येक फेरीत खरं राहणारं विधान) सुचेपर्यंत आख्खा रविवार जातो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला हे जास्त जाचतं, कारण आठवड्याच्या खंडानंतर आपलीच अर्धी सिद्धता परक्याची वाटते. आणि सगळं सिद्ध करणं परवडतही नाही: एसईएल४ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा (कर्नलचा) सी कोड जेमतेम ८,७०० ओळींचा, २००९ मध्ये जाहीर झालेली त्याची इसाबेलमधली सिद्धता दोन लाख ओळींच्या घरात. पण पॅरिस मेट्रोची १९९८ मध्ये सुरू झालेली, चालकाविना धावणारी १४ नंबरची मार्गिका बी मेथड या सिद्धतेच्या पद्धतीवर उभी आहे, तेव्हा हे प्रयोगशाळेपुरतं आहे असंही म्हणता येत नाही. डीओ-१७८सीला तर डीओ-३३३ ही फॉर्मल मेथड्सची, म्हणजे अशा गणिती पद्धतींची, स्वतंत्र पुरवणीच आहे.

तुम्हाला प्रमाणन किंवा ऑडिटच्या कामात जायचं असेल, हाताशी काही वर्षांचा अनुभव असेल आणि चूक दाखवणारे ज्येष्ठ सहकारी असतील, तर सेफ्टी केसचं घराणं कदाचित जास्त लाभेल. बाकीच्यांनी, विशेषतः पदवीनंतर लगेच येणाऱ्यांनी, आधी सिद्धता शिकावी असं मला वाटतं. मानकं मी पुढे नोकरीत वाचून शिकलो, जड गेलं पण जमलं. इनव्हेरियंट शोधायची सवय मात्र डेडलाइन डोक्यावर असताना लागली असती असं वाटत नाही.

अर्ज भरण्याआधी एक करून बघा. स्पार्क आणि फ्रामा-सी दोन्ही मोफत मिळतात. बायनरी सर्चसारखं पाठ असलेलं फंक्शन घ्या, त्याची सिद्धता करायला बसा, आणि मधला इंडेक्स काढणाऱ्या ओळीवर (तिथली बेरीज ओव्हरफ्लो होऊ शकते) टूल अडलं की किती वेळ तिथे बसून राहावंसं वाटतं ते पाहा.