आरओपीचे निदान शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम: एक परीक्षण

अकाली जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाचा आजार, म्हणजेच आरओपी, ओळखण्याचे प्रशिक्षण नेत्रतज्ज्ञांना देणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. नवजात अतिदक्षता विभागातील तपासणीची जबाबदारी ज्यांच्यावर लवकरच येणार आहे, त्यांनी तो अवश्य करावा. पदव्युत्तर शिक्षणात या आजाराचे वर्गीकरण पाठ होते, परंतु उपचारांची गरज असलेले डोळे फार थोडे पाहायला मिळतात, आणि ही उणीव येथील छायाचित्रसंग्रह बऱ्याच अंशी भरून काढतो.

प्रत्येक रुग्णाच्या माहितीत जन्मावेळचे गर्भवय, वजन आणि तपासणीच्या दिवशीचे वय दिलेले असते. त्यानंतर छायाचित्रे दिसतात, आणि झोन (आजार दृष्टिपटलाच्या कोणत्या भागात आहे), स्टेज (तो किती पुढे गेला आहे), प्लस (रक्तवाहिन्या फुगून नागमोडी होणे) आहे की नाही व पुढे काय करायचे हे सर्व नोंदवल्याशिवाय उत्तर उघडत नाही. हे बंधन मला सर्वांत मोलाचे वाटले. झोन १ मधील स्टेज ३ प्लस नसतानाही उपचारांस पात्र ठरते, तर झोन २ मधील तीच स्टेज प्लस नसल्यास जवळच्या तारखेच्या फेरतपासणीवर ठेवता येते. त्यामुळे सीमा ओळखण्यात झालेली चूक थेट निर्णयात उतरते. झोन १ चे वर्तुळ, म्हणजे ऑप्टिक डिस्कपासून (दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते ती जागा) फोव्हियापर्यंतच्या (सर्वांत तीक्ष्ण दृष्टीचा मध्यबिंदू) अंतराच्या दुप्पट त्रिज्येचे वर्तुळ, विद्यार्थ्याला स्वतः आखावे लागते. एवढ्या लहान बाळात फोव्हिया स्पष्ट दिसत नसल्याने हा सराव आवश्यकच आहे.

प्लस डिसीजवरील भाग उत्कृष्ट आहे. रक्तवाहिन्या किती फुगल्या आणि किती नागमोडी झाल्या म्हणजे प्लस म्हणायचे, यावर अनुभवी तज्ज्ञांतही मतभेद असतात, आणि २०२१ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही हा बदल सलग चढत जाणारा असल्याचे मान्य केले आहे. अभ्यासक्रम एकच उत्तर न लादता तज्ज्ञांची मते कशी विभागली गेली ते दाखवतो.

आक्रमक आरओपीचा भाग मात्र अपुरा वाटला. या प्रकारात नव्या रक्तवाहिन्या सपाट पसरतात, स्टेज क्रमाने येत नाहीत आणि आजार झपाट्याने वाढतो, म्हणून नवख्या डॉक्टरकडून तो निसटण्याचा धोका मोठा. येथे त्याची मोजकी आणि तीही अतिशय स्वच्छ छायाचित्रे आहेत. प्रत्यक्षात बाहुली नीट विस्फारत नाही, डोळा सतत फिरतो, आणि स्क्लेरल डिप्रेसर (डोळा बाहेरून हलके दाबण्याचे साधन) टेकवताच बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, तेव्हा हात थांबवावा लागतो. इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपने (डोक्यावर बसवलेला दिवा व हातातील भिंग यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण) टोकापर्यंतचा दृष्टिपटल पाहण्याचे कौशल्य एका छोट्या चित्रफितीने येणार नाही. या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर कोणाला एकट्याने तपासणी करू देऊ नये. आधी अनुभवी रेटिनातज्ज्ञासोबत प्रत्यक्ष बाळे तपासून दोघांच्या नोंदी ताडून पाहाव्यात.

डोळ्यात दिल्या जाणाऱ्या अँटी-व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शननंतरच्या देखरेखीला दिलेली जागाही फार तोकडी आहे. इंजेक्शननंतर आजार शमल्यासारखा दिसून बऱ्याच आठवड्यांनी पुन्हा उफाळू शकतो, म्हणून या बाळांची फेरतपासणी लेझर केलेल्या बाळांपेक्षा अधिक काळ चालू ठेवावी लागते. पुढील आवृत्तीत एकाच डोळ्याची क्रमाने घेतलेली छायाचित्रे देऊन हा भाग वाढवावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.