जुन्या रेफर चिठ्ठ्या आणि सहा आकडी कुलूप : नऊ महिने वापरल्यावर

सोलापुरातल्या एका मध्यम हॉस्पिटलात मी रेकॉर्डला आहे, अकरा वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव नको आणि सॉफ्टवेअरचंही नको, कारण खाली तक्रारी येणारेत आणि वेंडरचा पोरगा चांगला आहे बिचारा, फोन केला की येतो. पण जुनं रेकॉर्ड ठेवायचं आणि उघडायचं जे मॉड्यूल मागच्या जूनमध्ये आमच्याकडं बसवलं त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं होतं, सगळीकडं नुसती ब्रोशरची भाषा, रोज खुर्चीत बसून वापरणाऱ्या माणसानं लिहिलेलं काहीच सापडलं नाही.

आमच्याकडं पेशंट येतात ते निम्म्याहून जास्त चिठ्ठी घेऊन. अक्कलकोट, मंगळवेढा, पंढरपूर, तिकडून तुळजापूर, नळदुर्ग, आणि कर्नाटकातून इंडी, विजयपूर. गावातल्या डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहिलेल्या असतात, काय झालंय, काय दिलं, पुढं बघा. आणि आमच्याकडून पुण्याला किंवा हैदराबादला पाठवलेल्यांच्या चिठ्ठ्यांची कॉपी वेगळी. हे सगळं आधी लाल फडक्यात बांधून मागच्या खोलीत, लोखंडी रॅकवर, वर्षाचा आकडा खडूनं लिहिलेला. मे महिन्यात त्या खोलीत दहा मिनिटं उभं राहून दाखवा. मधे काही वर्षं स्कॅन करून एका शेअर फोल्डरमध्ये टाकायचो आणि त्याचा पासवर्ड होता हॉस्पिटलचं नाव आणि पुढं एक दोन तीन. तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. रात्री दोनला आरएमओंचा, म्हणजे हॉस्पिटलातच ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांचा, फोन आला तर मी झोपेतच पासवर्ड सांगायचे. हसू नका, तुमच्याकडंही असंच असणार.

मालकांनी हे मॉड्यूल घेतलं ते काही आमच्या सोयीसाठी नाही. २०२३ चा तो डेटा संरक्षणाचा कायदा, त्यात माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं, झालं. काही का असेना, आलं.

आता नवीन काय आहे. दोन वर्षांपेक्षा जुनी फाइल आपोआप वेगळ्या सर्व्हरवर जाते, तिथं ती फक्त वाचता येते, खोडता येत नाही, वर काही लिहिता येत नाही. उघडायला पासवर्ड, शिवाय मोबाइलमधल्या ॲपवरचा सहा आकडी कोड. मग एक चौकोन येतो, फाइल का उघडताय ते लिहा. लिहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. फाइल उघडली की तिच्यावर तिरकं फिकट अक्षरात तुमचं नाव, तारीख, वेळ. आणि दहा मिनिटं हात लावला नाही की बाहेर.

पहिला महिना मी रोज शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. नेमकी आषाढी तोंडावर, पंढरपूरकडून गाड्या येतायत, ओपीडीत उभं राहायला जागा नाही आणि माझा कोड चालेना. टाकला की चुकीचा. परत टाकला, चुकीचा. तीन दिवस मी शेजारच्या मॅडमच्या खुर्चीवर बसून काम केलं, म्हणजे पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याच्या लॉगिनवर, जे करायचं नाही म्हणून ट्रेनिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं. वेंडरचा पोरगा आला, माझा मोबाइल हातात घेतला आणि म्हणाला, मॅडम तुमचं घड्याळ अडीच मिनिटं मागं आहे. तो कोड दर तीस सेकंदाला बदलतो आणि तो वेळेवरूनच तयार होतो, मोबाइलची वेळ आणि सर्व्हरची वेळ जुळली नाही की संपलं, त्याला इंटरनेट लागत नाही पण बरोबर वेळ लागते. आता घड्याळ मागं कसं गेलं? माझ्या पोरानं गेममध्ये लाइफ मिळवायला तारीख पुढंमागं केली होती आणि नंतर अंदाजानं परत लावली होती. वेळ ऑटोमॅटिकवर टाकली, पंधरा सेकंदात चालू. तुमच्याकडं असा कोड नाकारत असेल तर आधी हे बघा, मग कंपनीला फोन करा.

शोधायचं जे आहे त्यात हे सॉफ्टवेअर मार खातं. सोलापुरात नावं कशी असतात बघा, एकच माणूस एका चिठ्ठीवर सिद्राम, दुसरीवर सिद्धाराम, आधारवर सिद्धराम. तेलुगू आडनावांचं तर विचारूच नका, स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. सॉफ्टवेअर म्हणतं अचूक नाव टाका. मोबाइल नंबरवरून शोधावं तर गावाकडच्या पेशंटचा नंबर कधी पुतण्याचा, कधी शेजाऱ्याचा, तो चार वर्षांत बदललेला. मी शेवटी गाव, वय अधिक उणे दोन, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरचं गाव असं मिळून शोधायला शिकले. आठ महिन्यांनी अपडेटमध्ये उच्चारावरून शोधायची सोय आली, ती इंग्रजी स्पेलिंगवर बरी चालते, मराठीत टाकलं की गप्प.

काही लोकांना वाटतं आभा कार्ड, म्हणजे सरकारचं ते आरोग्य ओळखपत्र, काढलं की जुने कागद आपोआप येतात. काउंटरवर रोज एकजण तरी म्हणतो, चौदा आकडी नंबर आहे की माझा, टाका आणि काढा. तसं नसतं ओ. तो नंबर जोडावा लागतो, पेशंटची संमती लागते, आणि मुळात कागद कुणीतरी स्कॅन करून ठेवलेला असावा लागतो. स्कॅन न झालेली चिठ्ठी रॅकवर पडली असेल तर ती रॅकवरच आहे.

स्कॅनचं दुःख वेगळं. बाहेरच्या पोरांना कंत्राट दिलं होतं, त्यांनी पानाची एकच बाजू स्कॅन केली. गावचे डॉक्टर महत्त्वाचं ते मागं लिहितात, जागा संपते म्हणून. चिठ्ठीच्या पुढं 'छातीत दुखते, पुढील तपासणीस पाठवीत आहे' आणि मागं दिलेल्या गोळ्यांची नावं. मागचं गेलं. आणि ईसीजी, तो थर्मल कागद, चारपाच वर्षांत उडून जातो, स्कॅन करायला गेलो तर पांढरा कागद. हे सॉफ्टवेअरच्या माथी मारता येणार नाही, पण तुम्ही नवीन करत असाल तर आधी ईसीजी करा, बाकी नंतर.

आता माझी चूक सांगते. ऑगस्टमध्ये एक दिवस दुपारी डबा खायला गेले, स्क्रीन तशीच. दहा मिनिटांत बंद होतं ना, मग काय, असं मनात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरिटेंडेंट सरांनी बोलावलं, समोर एक कागद ठेवला. काल दुपारी एक वाजून बेचाळीस मिनिटांनी माझ्या नावानं एका बाईंची तीन वर्षांपूर्वीची फाइल उघडली गेलेली, कारणाच्या चौकोनात नुसते तीन टिंब. मी म्हटलं सर मी उघडलीच नाही. सर म्हणाले नाव तुमचं आहे. शेवटी त्या वेळी मी खाली कँटीनमध्ये होते हे कँटीनच्या पैशाच्या मेसेजवरून निघालं, आणि उघडणारी आमच्यातलीच निघाली, त्या बाई तिच्या नणंदेच्या सोयरिकीतल्या, लग्नाचं बघत होते म्हणून 'सहज बघितलं'. सहज! ती चांगली आहे मनानं, पण बघा, कागदाचे गठ्ठे होते तेव्हा असं किती वेळा झालं असेल आणि कुणाला कळलंसुद्धा नसेल. त्या दिवसापासून मी उठताना विंडोज आणि एल दाबल्याशिवाय उठत नाही, घरच्या कॉम्प्युटरलाही दाबते.

आणि ते तीन टिंब. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी पण तेच टाकत होते. कधी टिंब, कधी 'काम', एकदा तर रागानं 'उगाच' लिहिलं होतं. आता यादीतून कारण निवडावं लागतं, फॉलोअप, विमा, कोर्ट, पेशंटची मागणी, आणि खाली एक ओळ लिहावीच लागते. दर सोमवारी सर दहाबारा नोंदी उचलून विचारतात ही का उघडली. या सोमवारच्या विचारण्यानंच लोक सरळ झाले, कोडबिडनं नाही. कोणी विचारणारच नसेल तर लॉग, म्हणजे कुणी कधी काय उघडलं त्याची नोंद, नुसती वही. हो, आणि लॉग किती दिवस राहतो ते बघून घ्या, आमच्याकडं सुरुवातीला नव्वद दिवसांवर सेट केला होता. सर्ट-इन, म्हणजे सायबर सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था, तिच्या २०२२ च्या आदेशात १८० दिवस म्हटलंय, ते दाखवल्यावर वाढवला.

रात्रीचं मात्र सुधारलं. आता आरएमओंना आपत्कालीन म्हणून एक वेगळं बटण आहे, ते स्वतःच्या लॉगिननं कारण लिहून तासाभरासाठी कुठलीही जुनी फाइल उघडू शकतात, त्याच क्षणी सरांना आणि मला मेसेज येतो. नोव्हेंबरमध्ये इंडीकडचा एक पेशंट आला रात्री अडीचला, दम लागलेला, बोलता येत नव्हतं, सोबत गाडीवाला आणि एक लहान भाऊ, हातात कागद एकही नाही. भावाला एवढंच आठवत होतं की चार वर्षांपूर्वी इथंच आणलं होतं. डॉक्टरांनी गावावरून शोधलं, चिठ्ठी निघाली, लाल पेनानं लिहिलेलं, पेनिसिलिन चालत नाही. त्यांनी दुसरं इंजेक्शन निवडलं. सकाळी उठून मेसेज बघितला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं आणि मला कुणी झोपेतून उठवलं नव्हतं, हे मला जास्त आवडलं.

वेळ लागतो ही तक्रार सगळ्यांची आहे. जुन्या सर्व्हरवरून फाइल यायला तीनचार मिनिटं, जाड फाइल असेल तर बारा. आणि बाहेर काढतं दहा मिनिटांत! म्हणजे फाइल येते तेव्हा आपण बाहेर. परत लॉगिन, परत कोड, परत कारण, परत मागणी. दोन महिने हा खेळ चालला, ओपीडीतून डॉक्टर ओरडतायत काय करालाव बे तिथं, आणि मी स्क्रीनकडं बघत बसलेली. मग त्यांनी बदललं, मागणी टाकून ठेवायची, फाइल आली की घंटा वाजते, दिवसभर ती तुमच्या नावावर राहते. हे पहिल्यापासून का नव्हतं देव जाणे. आता मी सकाळी अपॉइंटमेंटची यादी बघून जुन्या पेशंटच्या फाइली आधीच मागवून ठेवते, चहा येईपर्यंत निम्म्या आलेल्या असतात.

काही फाइली मलासुद्धा दिसत नाहीत. नाव दिसतं, पुढं कुलूप. एचआयव्हीच्या आणि गर्भपाताच्या. पहिल्यांदा राग आला, अकरा वर्षं इथं काढली, हे गठ्ठे मी बांधले आणि आता मला कुलूप? मग सरांनी सांगितलं की एचआयव्हीबद्दल २०१७ चा वेगळा कायदाच आहे, ती माहिती जपायची जबाबदारी ठेवणाऱ्यावर. ठीक आहे. पण मग 'नाव दिसतं, पुढं कुलूप' हे तरी का? सगळ्यांना कळतं ना कुलूप कशाचं ते. ही गोष्ट मी चारदा लिहून दिली आहे, अजून तशीच आहे. माझ्या मते या मॉड्यूलमधली सगळ्यात वाईट चूक हीच.

नातेवाईकांचं. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीत जानेवारीत एकजण आला, मामाच्या २०२० च्या रेफरची कॉपी द्या, मॅडम द्या की, झेरॉक्सच तर आहे, एवढं काय. आधी दिली असती, सरळ सांगते. आता सिस्टीम पेशंटचं लेखी अधिकारपत्र अपलोड केल्याशिवाय प्रिंटचं बटणच देत नाही. तो चिडला, नियम दाखवा म्हणाला, तर दाखवला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे, पेशंट किंवा त्यानं नेमलेला माणूस मागेल तेव्हा ७२ तासांत कागद द्यायचे. म्हणजे द्यायचं नक्की, पण कुणालाही नाही. गेला तो परत आलाच नाही, आणि पंधरा दिवसांनी मामा स्वतः आले काठी टेकत, म्हणाले माझ्या जागेच्या भानगडीत कोण कोण माझे कागद मागतंय जरा सांगा. सांगायला हवं होतं का नको ते मला अजून कळलेलं नाही, मी सरांकडं पाठवलं.

व्हॉट्सॲपचं भूत मात्र पूर्ण गेलं नाही. मोठे डॉक्टर बाहेरून फोन करतात, फोटो काढून टाक गं. आता फोटोत माझं नाव तिरकं येतं म्हणून मी सांगू शकते, सर माझं नाव येतंय, तुम्ही तुमच्या लॉगिननं बघा. नाही म्हणायला ते नाव कामाला येतं. नुसता नियम सांगून मी त्यांना कधीच नाही म्हणू शकले नसते.

बॅकअपबद्दल एकच. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तेव्हा तिथं कितीतरी दिवस सगळं हातानं लिहून चाललं होतं, तर वेंडरला बॅकअप घेता का एवढंच विचारू नका, परत चढवून कधी बघितला ते विचारा. आमच्याकडं विचारल्यावर शांतता झाली, मग दिवाळीच्या सुट्टीत बघितला, तर एका महिन्याच्या फाइली उघडतच नव्हत्या. मूळ सर्व्हरवर होत्या म्हणून वाचलो.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. शोधणं सुधारलं आणि ते कुलूपवालं नाव झाकलं तर चार देईन. मागची खोली अजून आहे, २०१६ च्या आधीचे गठ्ठे स्कॅन व्हायचेत. परवा आमचे शिपाई मामा त्या खोलीची किल्ली मागायला आले, मी द्यायला हात पुढं केला तर म्हणाले, थांबा ताई, आधी कारण लिहून घ्या, नंतर माझ्यावर यायला नको. आता किल्लीपाशी एक वही ठेवली आहे आणि मामा रोज त्यात लिहितात, 'झाडायला'.