गीतांजली : बंगाली वाचावी की इंग्रजी?

आधी हे लक्षात घ्या, की ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. १९१० ची बंगाली ‘गीतांजली’ १५७ गीतांची. १९१२ साली लंडनला निघालेल्या इंग्रजी पुस्तकात १०३ गद्यकविता आहेत. त्यातल्या साधारण निम्म्याच बंगाली गीतांजलीतल्या, बाकीच्या रवींद्रनाथांनी आपल्या इतर रचनांमधून घेतल्या. त्यामुळे दोन्ही समोर ठेवून क्रमाने ताडायला गेलात तर गोंधळ ठरलेला.

मेहनतीत इंग्रजी सोपी, दोन संध्याकाळी वाचून होते. बंगालीसाठी लिपी शिकावी लागेल. पण संस्कृत शब्द ओळखीचे आणि क्रियापदाला लिंगभेद नाही, म्हणून मराठी माणसाला ती फार जड जात नाही. अडतं ते उच्चारात : ‘अ’ ओकडे झुकतो, ‘व’चा ‘ब’ होतो. तसं वाचलं नाही तर यमक आणि ताल दोन्ही निसटतात.

खरा फरक शब्दांत आहे. इंग्रजीतल्या पहिल्याच कवितेत मूळच्या ‘लीला’चं ‘प्लेझर’ झालंय. लीला म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही. ‘प्लेझर’मध्ये देवाचा खेळच हरवतो. बंगालीत हे गाणं आहे, गायलं जातं. इंग्रजीत चाल उरत नाही.

मात्र जगात फिरली ती इंग्रजीच. फ्रेंच लेखक आंद्रे जीदनं फ्रेंच भाषांतर केलं तेही तिच्यावरूनच. एका भाषेतली कविता विश्वसाहित्य कशी होते हे अभ्यासायचं असेल, तर आयरिश कवी येट्‌सच्या प्रस्तावनेसह इंग्रजी घ्या. कवी रवींद्रनाथ हवे असतील, तर बंगालीच. महिनाभर लिपी गिरवावी लागली तरी चालेल.