"क्रँक गेलाय, इंजिन उघडावं लागेल" असं कोणी सांगितलं तर आधी हे तपासा

भांडुपच्या एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची दीडशे सीसीची गाडी. पावसाळा संपता संपता पन्नास-पंचावन्नच्या वेगाला हँडल आणि फूटरेस्ट इतके थरथरायला लागले की तासाभरात हातांना मुंग्या यायच्या. गॅरेजवाल्याने गाडी रस्त्यावर नेलीच नाही. स्टँडवर रेस दिली, आवाज ऐकला आणि सांगून टाकलं, "भाऊ, क्रँक गेलाय. फुल इंजिन करावं लागेल." (क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा.) १४,५०० रुपये गेले, पावती मिळाली नाही, आणि गाडी उभी होती तितक्या दिवसांची कमाईही बुडाली. थरथर मात्र गेली. महिन्याभरात ती परत आली, तेव्हा त्याच गॅरेजने आणखी एक बेअरिंग सांगितलं.

दोष इंजिनाच्या आत कधी नव्हताच. लेग गार्ड बसवताना त्याची पट्टी इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पुढच्या माउंटिंगच्या बोल्टवरच चढवली होती आणि बोल्ट मूळचाच ठेवला होता. पट्टीच्या जाडीइतका तो आखूड पडला, नटाला पुरेसे आटे मिळाले नाहीत आणि खड्ड्यांतून आपटून तो सैल झाला. फ्रेम आणि इंजिन यांच्यामधल्या हँगर प्लेटचं भोक लांबट झालं होतं. लांब बोल्ट, नवा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्याने सहज सैल न होणारा) आणि नवी प्लेट एवढंच काम होतं. खर्च काहीशे रुपयांचा.

मग पहिल्या वेळी थरथर गेली कशी? ही फसवणूक इतकी पचते ती याच प्रश्नामुळे, म्हणून हे नीट समजून घ्या. क्रँकचं काम करायचं तर इंजिन फ्रेममधून उतरवावंच लागतं. परत चढवताना माउंटिंगचे सगळे बोल्ट नव्याने आवळले जातात. म्हणजे खरा दोष न कळत, किंवा कळूनसवरून, तेवढ्यापुरता दुरुस्त होतो. गाडी गुळगुळीत चालते आणि गिऱ्हाईकाची खात्री पटते की क्रँकच गेला होता. बोल्ट आखूडच असल्याने तो पुन्हा सैल होतो, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

सिंगल सिलिंडर इंजिन थोडं थरथरणारच. ६,००० आरपीएमला (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे) क्रँक सेकंदाला १०० फेरे घेतो आणि पिस्टन सेकंदाला २०० वेळा थांबून दिशा बदलतो. हा धक्का शोषायला शेजारी दुसरा पिस्टन नसतो. क्रँकवरचं वजन या धक्क्याचा काही भागच तोलू शकतं. सगळा तोलायला गेलं तर तोच धक्का वर-खालीऐवजी पुढे-मागे बसतो. उरलेला भाग काही गाड्यांत बॅलन्सर शाफ्ट (उलट धक्का देऊन थरथर कमी करणारा वेगळा दांडा) सांभाळतो, तर काहींत तो सरळ फ्रेमकडे जातो. आरपीएम दुप्पट झाले की धक्का चौपट होतो. म्हणून माउंटिंग जराही सैल झालं तरी एका ठरावीक आरपीएमला गाडी अचानक बेभान थरथरते आणि मालक घाबरतो. त्या भीतीवरच हा धंदा चालतो.

इंजिन उघडल्यावर दाखवला जाणारा पुरावा तर हमखास ठरलेला असतो. हेड, सिलिंडर, पिस्टन काढतात, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवतात आणि म्हणतात, "बघा, केवढा हलतोय." रॉड खरंच हलतो. तो नव्या इंजिनातही हलतो. रॉड क्रँकला जिथे जोडतो त्या क्रँकपिनवरच्या बेअरिंगमध्ये तेल शिरायला बाजूने जागा ठेवलेली असते, मिलिमीटरच्या काही दशांशांची. रॉडच्या लांबीमुळे खालची ती किंचित मोकळीक वरच्या टोकाला बरीच मोठी दिसते. त्यात दोष काहीच नाही. बघायचा असतो तो वर-खाली प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. क्रँक सर्वात वरच्या स्थितीत आणा, हलू नये म्हणून घट्ट धरायला सांगा आणि रॉड सरळ वर ओढून खाली दाबा. चटचट असा जरासाही धक्का लागला तर बिग एंड बेअरिंग (रॉडच्या खालच्या टोकाचं) गेलंय. काहीच जाणवलं नाही तर ते ठीक आहे, मग बाजूने कितीही हलवून दाखवू देत. बाजूच्या मोकळ्या जागेबद्दल शंका असेल तर ती फीलर गेजने (फटीत घालायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडतात, हाताने हलवून नाही.

दुसरा पुरावा तेलाचा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर चिकटलेली राखाडी, लोण्यासारखी पेस्ट दाखवून "इंजिन खाल्लंय" म्हणतात. क्लच आणि गिअर झिजताना अशी बारीक पूड होतेच. बोटांत चोळल्यावर नखाला अडकणारे चकचकीत तुकडे किंवा पापुद्रे निघाले तरच काळजी करा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत आणखी एक प्रकार चालतो. गिऱ्हाईकाची पाठ फिरली की स्लोचा स्क्रू फिरवून आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) खाली आणायचं. १,४०० आरपीएमच्या आसपास चालणारं इंजिन नऊशे-हजारावर आणलं की अख्खी गाडी गदगदा हलते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा या प्रदूषण मानकाच्या इंजेक्शन गाड्यांत सहसा हे जमत नाही.

पाना लावण्याआधी स्वतः करून बघायच्या गोष्टींना जेमतेम अर्धा तास लागतो. पूर्व द्रुतगती मार्गावर, मुलुंड ते विक्रोळीच्या पट्ट्यात, पहाटे रस्ता मोकळा असताना थरथर येते तो वेग गाठा. तोच वेग ठेवून एक गिअर बदला. थरथर त्याच वेगाला राहिली तर कारण चाक, टायर किंवा चेनकडे आहे. आरपीएमबरोबर ती सरकली तर कारण इंजिन किंवा माउंटिंगकडे आहे. मग क्लच दाबून रेस सोडा आणि गाडी घरंगळू द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही. शेवटी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, तेच आरपीएम धरा. इथेही ती आली तरच इंजिनाकडे वळा, आणि तेव्हाही आधी बाहेरूनच.

माउंटिंग तपासताना थंड इंजिनावर प्रत्येक बोल्टभोवती बघा. तांबूस, गंजासारखी पूड किंवा घासून चकाकलेला धातू दिसला तर तो सांधा हलतोय. इंजिन चालू करून एक बोट अर्धं प्लेटवर, अर्धं इंजिनावर ठेवा. दोन्ही वेगवेगळं हलतंय हे बोटाला लगेच कळतं. सायलेन्सर गरम व्हायच्या आत हे उरका. काही गाड्यांत हेडला फ्रेमशी जोडणारी पट्टी असते, ती विसरू नका. बोल्ट सैल सापडले तर आधी सगळे सैल करून इंजिन जागेवर बसू द्यावं, मग मॅन्युअलच्या क्रमाने टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) आवळावेत. एकच बोल्ट जोर लावून आवळला तर प्लेटवर ताण येतो आणि पुढे ती तडकते.

चेनचा प्ले बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर लागतो, नेमका आकडा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एका ठिकाणी ताणलेली आणि दुसरीकडे लोंबणारी चेन म्हणजे पावसात गंजून अडकलेल्या कड्या. हँडलच्या टोकाची वजनं आरसे बदलताना काढून परत न लावणं, फूटरेस्टचं रबर झिजणं, झिजलेला प्लग, इनटेक रबराला चीर, चुकलेले टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) ही सगळी कारणं स्वस्तातली आहेत आणि क्रँकच्या कितीतरी आधी यायला हवीत.

क्रँक खरंच गेला असेल तर मुख्य बेअरिंगची घरघर आरपीएमबरोबर वाढत जाते, किंवा लोड दिल्यावर खालून ठोका येतो. तेव्हा इंजिन उघडाच, पण अटी घालून. उघडण्याआधी हेडचे नट आणि केसिंगचे स्क्रू यांच्यावर नटापासून बॉडीपर्यंत जाणारी पेंटची रेघ ओढा आणि फोटो काढा. रेघ जुळलेलीच असेल तर ते उघडलेलंच नाही. कनेक्टिंग रॉड किटचं पाकीट आणि जुने भाग परत मागा. लेथवाल्याकडे क्रँकची पिन प्रेस झाल्यावर (दाबून बसवल्यावर) दोन्ही टोकांना डायल गेजचं (क्रँक किती वाकडा फिरतो ते दाखवणाऱ्या) रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. ही मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते, डोळ्यांनी ती कोणालाच दिसत नाही. वाकडा प्रेस झालेला क्रँक किंवा खूण चुकवून बसवलेला बॅलन्सर गाडीला आधीपेक्षा वाईट करून ठेवतो.

पैसे गेलेच असतील तर दुसऱ्या मेकॅनिकने काही खोलण्याआधी त्याच्याकडून दोष लेखी घ्या, सैल बोल्टचे फोटो काढा, आणि यूपीआयची नोंद व व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. पावती नाही म्हणून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेची पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही.