‘९७’ की ‘पंधरा’? गणपतीत कुठला ‘किंग ऑफ फायटर्स’ लावायचा

कुडाळच्या मामेभावाचा फोन आला. “चाकरमानी येतले. पोरांका कायतरी लावून देवक व्हया. जुनो घेवचो की नवो?” ‘किंग ऑफ फायटर्स’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचे दोन भाग त्याच्यासमोर होते, १९९७ चा आणि २०२२ चा पंधरावा. मी दोन्ही खेळतो, त्यामुळे त्याला फोनवर अर्धवट सांगितलेलं इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी ही मालिका पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओसाकाच्या एसएनके कंपनीने ती १९९४ ला सुरू केली. एकटा गडी निवडायचा नाही, तिघांचा संघ उतरवायचा. एक पडला की दुसरा मैदानात येतो. जिंकलेला गडी तसाच पुढे खेळतो, फक्त त्याला थोडी लाईफ परत मिळते. त्यामुळे पहिले दोन गेले तरी तिसऱ्याने एकट्याने तिघांना लोळवलं, असं होऊ शकतं आणि होतंच. घरात सगळ्यात जास्त ओरडा त्याच वेळी होतो.

‘९७’ म्हणजे आमच्या पिढीचा खेळ. एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आयोरी यागामी या गड्यासाठी रांग लागायची. चार बटणं: हलका ठोसा, हलकी लाथ, जड ठोसा, जड लाथ. आयोरीचा मोठा वार काढायचा तर दांडा खालून पुढे न्यायचा, लगेच पुढून खालून मागे अर्धं वर्तुळ फिरवायचं आणि ठोसा मारायचा. हे एका दमात जमायला मला एक अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली होती. कथाही तगडी आहे: ओरोची या खलनायकी शक्तीचं प्रकरण याच भागात संपतं, आणि साधे बँडवाले वाटणारे याशिरो, शर्मी, ख्रिस शेवटी कोण निघतात ते पहिल्यांदा बघताना मी खरंच दचकलो होतो.

पण आठवणीचा चष्मा काढून बोलायचं तर ‘९७’ मध्ये समतोल नावाची गोष्ट नाही. काही गड्यांना असे कॉम्बो, म्हणजे एकामागून एक बसणारे वार, आहेत की एकदा सापडलात की सुटका नाही, समोरच्याच्या हातून चूक होईपर्यंत मार खात बसायचं. ते माहीत असलेला एक दादा घरात असला तर बाकीच्यांचा संध्याकाळचा मूड गेलाच. आमच्याकडे म्हणून अलिखित नियम आहे, एकच डाव परत परत लावला तर कंट्रोलर पुढच्याकडे.

‘पंधरा’ बद्दल माझा समज उलटा होता. वाटलं, नवीन म्हणजे अवघड, पोरांच्या आवाक्याबाहेरचा. गेल्या वर्षी आरती झाल्यावर पडवीत चटई टाकून लॅपटॉप लावला. आठ वर्षांच्या पुतणीने डायनासोरचा मुखवटा घातलेला कुस्तीगीर बघितला आणि तोच घेतला. तिला एकही डाव माहीत नव्हता. जवळ जाऊन हलक्या ठोशाचं बटण टकाटक दाबत राहिली. या भागात तेवढ्यानेच आपोआप अख्खा कॉम्बो निघतो. पार्लरमध्ये वर्षं घालवलेला तिचा काका, म्हणजे मी, दोन गडी गमावून बसलो. मागून लगेच आवाज, “आता माका दी!” तिने काही कंट्रोलर सोडला नाही.

जाणत्याला त्या बटणाचं कौतुक नसतं, पण पंधरामध्ये त्यालाही काम आहे. मोठे वार काढायला खर्च होणाऱ्या पॉवरच्या पहिल्या गड्याला जास्तीत जास्त तीन पट्ट्या, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच. म्हणजे कोण आधी आणि कोण शेवटी हा हिशोब लावावा लागतो: पॉवरशिवाय भागतं तो पुढे, खादाड तो मागे. समोरच्याचा वार अंगावर झेलून उलटा मारणारा शॅटर स्ट्राइकही आहे. छोटी उडी मात्र दोन्हीकडे तीच. वरचं बटण फक्त टिचकी मारल्यासारखं दाबून सोडायचं, गडी जमिनीलगत झेपावतो आणि खालून येणारी लाथ चुकते. ती ९६ च्या भागात आली आणि अजून टिकून आहे. ती एकदा बोटात बसली की कुठलाही भाग घ्या, निम्मा खेळ आला.

आता कोकणातले प्रश्न. पंधराला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर प्लेस्टेशन. ‘९७’ ला दहा वर्षं जुना लॅपटॉपही चालतो. फरक कळतो तो लाईट गेल्यावर. भाद्रपदात पाऊस पडणार आणि लाईट जाणार. जुन्या लॅपटॉपवर ‘९७’ बॅटरीवर निवांत चालू राहतो. गेमिंग लॅपटॉप पंधरा लावला की तासाभरात मान टाकतो, आणि इन्व्हर्टर आजीच्या पंख्यासाठी राखीव असतो.

ऑनलाइन खेळायचं असेल तर मात्र प्रश्नच नाही, पंधराच. त्यात रोलबॅक आहे. तुमच्याकडे सेकंदाला साठ चित्रं चाललेली असतात, समोरच्याचं बटण पोचायला उशीर झाला तर मशीन अंदाजाने खेळ पुढे नेतं, अंदाज चुकला तर क्षणभर मागे जाऊन दुरुस्त करतं. यामुळे लांबच्या माणसाशीही खेळता येतं. फक्त मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नको, वाडीत एकच दांडी रेंज असताना रोलबॅकही काही करू शकत नाही. वायरचं नेट असेल तरच. ‘९७’ ची २०१८ ची आवृत्ती ऑनलाइन खेळायला म्हणून घेऊ नका.

पैशाचं सांगायचं तर जुना अगदी स्वस्त. पंधरा महाग, आणि सुरुवातीच्या ३९ गड्यांवर नंतर आलेले बहुतेक वेगळे पैसे मोजून घ्यावे लागतात. सेलची वाट बघा.

मामेभावाला मी पंधरा सांगितला, कारण त्याच्याकडे प्लेस्टेशन आहे, वायरचं नेट आहे आणि येणारी निम्मी पोरं दहाच्या आतली. तुमच्या घरी सगळे चाळिशीचे पार्लरवाले जमणार असतील आणि मशीन जुनं असेल तर ‘९७’ घ्या. मालिका येते पण ‘९७’ मधल्या अन्यायाचा राग आहे, असं कोणी असेल तर तिसरीच वाट: ‘२००२ अनलिमिटेड मॅच’. ६६ गडी आहेत, खेळ बराच सरळ आहे आणि तोही जुन्या मशीनवर चालतो.

कुठलाही घ्या, कंट्रोलर दोन आणि वायरवालेच घ्या. खेळून झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. मालवणच्या बाजूला किनाऱ्याजवळ राहत असाल तर नक्कीच. माझ्या पहिल्या कंट्रोलरचं खालचं बटण खाऱ्या हवेने दुसऱ्याच पावसाळ्यात अडकायला लागलं, आणि खालचं बटण गेलं की आयोरी नुसता उभा राहतो.