खिंडसीकाठच्या एका ग्रामपंचायतीची सेवा : एक परीक्षण

रामटेक तालुक्यात खिंडसी तलावाच्या परिसरातील एका ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातून घराचा नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील घराच्या नोंदीची प्रत) काढण्याचे काम नुकतेच पडले. राज्याच्या लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये हा उतारा 5 दिवसांत मिळणे अपेक्षित आहे आणि तो मुदतीत मिळालाही. केंद्रचालकाने घरपट्टीची थकबाकी आधीच तपासून सांगितल्यामुळे पुन्हा खेटा पडला नाही. पोचपावती मात्र मागितल्याशिवाय दिली जात नाही, हे खटकले, कारण विलंब झाल्यास अपील करताना अर्जदाराच्या हाती तोच पुरावा असतो.

खरी उणीव गावाला बातमी पोहोचवण्यात आहे. फलकावर ग्रामसभेची नोटीस होती, परंतु तिच्यावर लसीकरणाची पत्रके चिकटवलेली असल्याने विषयसूचीच्या शेवटच्या ओळी झाकल्या गेल्या होत्या आणि तलावकाठच्या रस्त्याचा विषय नेमका त्यांतच होता. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी लागते; ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे मोजक्या लोकांनी ठराव करावा आणि बाकीच्यांनी तो पानठेल्यावर ऐकावा! कामासाठी नागपूरला राहणाऱ्या मतदारांना व्हॉट्सॲपवर नोटिसीचे छायाचित्र पाठवण्यास फारसा खर्च येणार नाही.

दाखल्यांसाठी केंद्र निःसंकोच वापरावे; ग्रामसभेची तारीख मात्र कार्यालयात स्वतः विचारून घ्यावी.