भारी अ‍ॅम्प खरंच वेगळे वाजतात का? काही महिने तीन अ‍ॅम्प वापरून झाल्यावर

माझ्याकडे सध्या तीन अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारे अ‍ॅम्प्लिफायर) आहेत, एक हाय-एंड क्लास एबी (ट्रान्झिस्टरचा पारंपरिक प्रकार) ज्याचं धूड एकट्याने उचलवत नाही, दुसरा त्यामानाने बराच स्वस्त क्लास डी (ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद करून चालणारा), आणि तिसरा सिंगल-एंडेड ट्यूब (ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या पद्धतीच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा). स्पीकर तेच, डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा) तोच, खोली तीच. आलटून पालटून काही महिने ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय की पहिले दोन कानाला सारखेच आहेत आणि तिसरा नक्की वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे ते आकड्यांत सांगता येतं.

आधी आवाज जुळवण्याचं बघू, कारण ते न करता दिलेलं कुठलंच मत मी धरत नाही. एक अ‍ॅम्प अगदी किंचित मोठा वाजत असला तरी कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'जास्त खुला', 'जास्त डिटेल' असं म्हणतो. मी 100 हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटर थेट स्पीकरच्या टर्मिनलला लावतो (साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्टेज नीट दाखवत नाहीत). एकावर 2.83 व्होल्ट आले तर दुसऱ्यावर 2.80 ते 2.86 च्या आत हवेत, म्हणजे साधारण 0.1 डेसिबलचा फरक. मग घरातल्या कोणाला तरी अदलाबदल करायला सांगायचं आणि कोणता चालू आहे ते आपल्याला कळू द्यायचं नाही. असं ऐकल्यावर क्लास एबी कोणता आणि डी कोणता हे मला सांगता येत नाही, पियानो असो, व्हायोलिन असो नाहीतर नुसता गाणाऱ्या बाईचा आवाज असो. 1987 च्या जानेवारीत 'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने अशीच ब्लाइंड टेस्ट छापली होती, तिथेही ऐकणाऱ्यांना अ‍ॅम्प खात्रीने ओळखता आले नव्हते.

ट्यूबचं मात्र तसं नाही. माझ्या स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध, जो फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो) कागदावर 8 ओहम, पण ग्राफ बघितला तर खालच्या मिडरेंजमध्ये तो 4 पर्यंत उतरतो आणि क्रॉसओव्हरपाशी (जिथे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो) 20 पर्यंत चढतो. ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला विरोध, आहे 2 ओहमच्या आसपास. आता हिशोब करा, हे दोन विरोध व्होल्टेज वाटून घेतात, त्यामुळे 4 ओहमला साडेतीन डेसिबल पडतात, 20 ओहमला एकपेक्षा कमी, म्हणजे पावणेतीन डेसिबलचा चढउतार झाला, जणू कुणीतरी इक्वलायझर लावून ठेवलाय! गाणारा दोन पावलं पुढे आल्यासारखा वाटतो तो यामुळे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचा (म्हणजे पहिल्या दोघांचा) 0.05 ओहम धरला तर हाच फरक 0.1 डेसिबलच्या आत राहतो.

खात्री करायला मी क्लास एबीच्या आउटपुटला सिरीजमध्ये 2 ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर जोडला आणि बराचसा तोच 'ट्यूब साउंड' आला! सगळा नाही, ट्यूबचं सेकंड हार्मोनिक डिस्टॉर्शन (मूळ सुरात मिसळणारा त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) रेझिस्टरने येणार नाही, पण ज्याला लोक वॉर्मथ वगैरे म्हणतात त्यातला मोठा भाग इथेच सापडला. (ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, म्हणून अ‍ॅम्पची अदलाबदल करणारा स्विच घेताना हे बघून घ्या.)

जास्त पॉवरचा अ‍ॅम्प लागतो, हा मुद्दा मात्र खरा आहे. सरासरी 1 वॉटवर ऐकताना चांगल्या रेकॉर्डिंगचं पीक 20 डेसिबल वर गेलं तर त्या क्षणाला 100 वॉट लागतात, तिथे छोटा अ‍ॅम्प क्लिप होतो (पॉवर पुरत नाही म्हणून सिग्नलची टोकं कापली जातात) आणि मग फरक कोणालाही ऐकू येतो. माझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरला मिळणारा आवाज) 86 डेसिबल, म्हणजे कमीच, त्यामुळे ऑर्केस्ट्रा जोरात लावला की ट्यूबची दमछाक होते.

आता रोज क्लास डी चालू असतो, कारण तापत नाही आणि ट्वीटरला कान लावला तरी हिस ऐकू येत नाही. रात्री हळू आवाजात फक्त गाणं आणि एखादं वाद्य ऐकायचं असेल तर ट्यूब लावतो, तो रंग मला मनापासून आवडतो. क्लास एबी विकायला काढणार आहे.